तिसरा आवाज

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका पकडल्या.
सदाशिव पेठेत, छापखान्याच्या पोटमाळ्यावर,
लाल पेन्सिल कानाला.
'आणि'तला णि दीर्घ दिसला
की घासात खडा लागावा तसं व्हायचं.

निवृत्त झालो त्या रविवारी, जुन्या बाजारात
नळाच्या तोट्या आणि बंद घड्याळं यांच्या मध्ये
एक तबकडी सापडली.
वेष्टनावर कुठलीशी लिपी,
शिरोरेखा नाही, काना नाही,
नुसते द्राक्षवेलीचे आकडे.
"काय आहे हे?"
"गाणंच असणार," गफूरभाई म्हणाले,
"गोल आहे ना."
साठ सांगितले, चाळिसात दिली.

घरी लावली.
तीन पुरुष गात होते, साथीला कुणी नाही.
दोघे ठीक.
तिसरा बेसूर.
मी हवेतच पेन्सिल उचलली.

पुन्हा लावली. तिथेच बेसूर.
मांडीवर टाळी धरून सम शोधली;
ती अर्ध्या जिन्यात दिसली आणि
ओळख न देता खाली उतरून गेली.
पाचव्यांदाही तो त्याच जागी, तेवढाच,
दोघांना खांदा घासत,
जसं कुणी दाराच्या चौकटीत उभं असतं,
आत येत नाही, बाहेर जात नाही,
आणि बऱ्याच वेळाने आपल्याला कळतं
की घर त्याचंच आहे.

मग सवयच लागली.
सगळंच आवडलं असं नाही.
एका जाड कादंबरीत एकाच माणसाला तीन नावं होती;
चाळिसाव्या पानावर
तिघांनाही बर्फात सोडून मी परत आलो.

लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म क्लबात
एक बाई दोन तास नावेची वाट बघत होती.
नाव आली नाही. लोक उठून गेले.
मी बसलो; वर्षाची वर्गणी भरली होती.
खालच्या इंग्रजी ओळीत एक स्पेलिंग चुकलं
आणि परमुलखात गाववाला भेटावा
तसा मी केवढा सुखावलो!
मान वर केली
तर बाईने चपला काढून पाय पाण्यात सोडलेले.
कधी सोडले,
ते मला आजवर माहीत नाही.

वरच्या मजल्यावरची ऋजुता, भुसावळची,
कॉम्प्युटरचं काहीतरी शिकते.
तिने हातात एक बटणांचं यंत्र दिलं.
पडद्यावर कुठल्या तरी उत्तरेचा बर्फ,
एक कंदील, आणि मी.
"मारायचं कुणाला?"
"कुणालाच नाही, काका."
"मग गुण?"
"नाहीत."
माझा माणूस भिंतीला नाक लावून
पाऊण तास चालतच राहिला.
हा आमच्याच पेठेतला दिसतो, मी म्हटलं.
ती हसली नाही. म्हणाली,
"कंदील खाली ठेवून बघा."
ठेवला.
बर्फ पडत राहिला.
आणखी काही झालं नाही.
उद्या येतो, म्हटलं.

गेल्या आठवड्यात जुन्या ओळखीतून
एका पोराची कवितांची वही आली तपासायला.
'मी खिडकीत उन्हाळतो', तिसऱ्या पानावर.
पेन्सिल गेली शब्दापर्यंत,
तिथे रेंगाळली,
पुढच्या ओळीतली वेलांटी दुरुस्त करून आली.

"कळतं का हो तुम्हाला त्यातलं काही?"
अनसूया विचारते.
"एक अक्षर नाही," मी सांगतो,
बोनस जाहीर करावा तशा आवाजात.
ती मान हलवते, मेथी निवडायला बसते.
तबकडी फिरते, सुई चरचरते.

आणि काल पहिल्यांदाच,
काड्या मोडता मोडता,
ती गुणगुणली.
त्या दोघांसारखं नाही,
तिसऱ्यासारखं.
नेमकी तिथेच चुकली.